थर्मास कुठल्या बगलेत

सकाळी मी भिंतीपासून सुटतो.
रात्रभर सहा मीटर केबलीला बांधलेला:
पलंग ते मोरी, मोरी ते खिडकी,
त्यापुढं नाही.
आधी एक बॅटरी लावायची, मग दुसरी.
दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत,
हे नीबियानं फ्रिजवर लाल शाईनं लिहून ठेवलंय,
जसा काही मी विसरणार आहे.

एकतीस वर्षं पाणीखात्यात पंपावर होतो मी.
रात्रपाळी. सगळं मॉन्तेविदेओ झोपलेलं
आणि मी त्या लोखंडी धुडाला कान लावून
बेअरिंग कुरकुरतंय का ऐकत बसलेला.
पंप नीट चालतो तेव्हा त्याचं नाव कुणी काढत नाही.
एकदा बंद पडू दे, मग बघा.

आता मुठीत मावेल एवढा पंप, माझ्याच आत.
ठोके देत नाही, नुसती धार.
नात छातीला कान लावते नि म्हणते,
आजोबा, तुमच्यात फ्रिज आहे.
काळजाचा ठोका चुकला, असं लोक सहज म्हणतात.
माझा चुकायला आधी असायला तर हवा.

खरी अडचण थर्मासची झाली.
आमच्या गावात बगलेत थर्मास नसलेला माणूस
अनवाणी दिसावा तसा दिसतो.
आणि माझ्या दोन्ही बगलांत बॅटऱ्या.
चार दिवस थर्मास पिशवीत घालून नेला,
शेजारच्या हेबेर्तनं विचारलं, बाजाराला निघालास?
शेवटी आल्सिदेस चांभारानं एक पट्टा शिवला:
बॅटऱ्या पाठीशी, कंट्रोलर पोटाशी,
डावी बगल मोकळी.
पैसे घेतले नाहीत. येर्बा घेतला, अर्धा किलो.

पहिल्या आठवड्यात दिव्याचा एक खांब चाललो,
परत यायला दोन लागले असं वाटलं.
व्यायामवाली बाई म्हणाली, चालताना बोलता आलं पाहिजे,
दम लागून बोलणं तुटलं की थांबा.
म्हणून मी नीबियाशी भांडत चालतो.
हल्ली भांडण बुसेओच्या धक्क्यापर्यंत पुरतं.

पाण्यात उतरायचं नाही, हे मात्र कायमचं.
लहानपणापासून या मातकट नदीत पोहलो,
जिचा पैलतीर कधी दिसला नाही.
आता पायजमा दुमडून घोट्यापर्यंत उभा राहतो.
लाट येते, पायाखालची वाळू घेऊन जाते.
त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

एका गुरुवारी बाकावर उन्हात डोळा लागला.
धावत चाललेली एक पोरगी थांबली,
मनगट धरलं, मग गळा चाचपला,
आणि नाडीच नाही म्हणून किंचाळली.
दोन्ही तळवे एकावर एक ठेवून छातीवर ओणवणार,
तेवढ्यात मी डोळे उघडून विचारलं,
घेणार का घोटभर? अजून गरम आहे.

बिचारी मटकन खालीच बसली.
डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला, नाव मिकाएला.
हात थरथरत होते, नळी दातांवर वाजत होती.
तिला पट्टा दाखवला, कंट्रोलरचा हिरवा दिवा दाखवला.
शर्टावरून कान लावून तिनं बराच वेळ ऐकलं,
आणि अगदी हळू म्हणाली, कुरकुरत नाहीये.
माझ्या खात्यात असती तर मी तिला पाळी सोपवली असती.

संध्याकाळी नीबिया खिडकी लावते, पंखा बंद करते,
मास्क बांधून पोटातून निघणाऱ्या वायरीची पट्टी बदलते.
ही पाच मिनिटं ती भांडत नाही.
पालक रोज तेवढाच, गोळी आठच्या ठोक्याला
(ठोका भिंतीवरच्या घड्याळाचा),
वजन वहीत, आकडे वहीत,
माझं जुनं पाळीचं रजिस्टरच उघडलंय आम्ही,
त्याची शंभर पानं कोरी उरली होती.

मग भिंतीत पिन.
दिवे मालवल्यावर ती झोपेत हात टाकते माझ्यावर,
अंगातली गुणगुण तिच्या कोपरापर्यंत जात असणार.
मी जागाच असतो थोडा वेळ.
सवय आहे.
रात्रपाळीला कुणीतरी ऐकत बसावं लागतं.